कार्बोनाराची 'शुद्धता' किती जुनी?

रोमचे बल्लवाचार्य आज कार्बोनारा पास्त्याबाबत कमालीचे कर्मठ आहेत. डुकराच्या गालाचे खारवलेले मांस, अंडी, पेकोरिनो चीज आणि मिरी. लसूण घालणे म्हणजे परंपराद्रोह! परंतु ही परंपरा किती जुनी?

१९३० च्या सुमारास आदा बोनी यांनी रोमन पाककृतींवर ग्रंथ लिहिला. त्यात कार्बोनारा नाही. हे नाव रुळले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५४ साली 'ला कुचिना इतालियाना' मासिकाने छापलेल्या कृतीत मांस पोटाकडचे, चीज स्विस ग्रुयेर आणि सोबत चक्क लसूण! १९८९ साली ग्वाल्तिएरो मार्केझी या ख्यातनाम शेफच्या कृतीत क्रीमही होते.

आज जे भ्रष्ट ठरते, ते आरंभीच्या छापील कृतीतच होते. पदार्थ आधी जन्मला. सोवळे मागाहून आले.