तळटीप १२ : ‘पेठेतला आमचा जुना वॉर्ड’

१२. सदाशिव पेठ : पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची पुण्यातील पेठ. पेशवाईत करवसुली आणि बंदोबस्त पेठवार चाले. आता पेठ मुख्यतः पत्त्यापुरती (टपाल ४११०३०). शहर आणि उपनगर या दोन नगरपालिका एकत्र करून १५ फेब्रुवारी १९५० रोजी महापालिका झाली. निवडणुकीला २००७ मध्ये एका नगरसेवकाचा वॉर्ड होता, २०१२ मध्ये दोघांचा प्रभाग, २०१७ मध्ये बहुतेक ठिकाणी चौघांचा. हद्दी दर खेपेस नव्याने आखल्या, आणि मतदाराने आपला नगरसेवक शोधत बसावे! २०१७ व २०२१ मध्ये महापालिकेत आलेली गावे शहराच्या कडेची. त्यांचा येथे संबंध नाही. प्रस्तुत उताऱ्यातील ‘जुना वॉर्ड’ २००७ चा, एकसदस्यीय.