तळघराचे निवासी रूपांतर

तळघराचे निवासी रूपांतर : घराच्या जमिनीखालील मजल्यावर ओल, हवा, उजेड आणि सुटकेची वाट यांची व्यवस्था करून तो मजला राहण्याजोगा करण्याची प्रक्रिया. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेच्या उत्तर भागात व कॅनडात रूढ आहे आणि तिचे मूळ तेथील थंडीत आहे. हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठून फुगते व उथळ पाया वर उचलला जातो, म्हणून पाया हिमरेषेच्या, म्हणजे जमीन जेथपर्यंत गोठते त्या खोलीच्या, खाली न्यावा लागतो. दक्षिण ऑन्टारिओत ही खोली सुमारे ४ फूट धरतात. एवढे खणावेच लागत असेल तर आणखी थोडे खणून अख्खा मजला मिळवावा, या हिशेबातून तळघर आले. प्रारंभी त्यात भट्टी, कोळसा व धुण्याची जागा असे आणि पुढे तेथे बैठकीची खोली, अभ्यासिका किंवा भाडेकरूचे बिऱ्हाड आले.

रूपांतराचा खरा कस पाण्याशी लागतो. तळघराच्या भिंतीला बाहेरून माती टेकलेली असते, पावसाने किंवा वितळत्या बर्फाने ती माती भिजली की पाण्याचा दाब भिंतीवर येतो आणि काँक्रीटमधील बारीक भेगांतून पाझर सुरू होतो. यावर आतून लावलेला जलरोधक रंग हा उपाय नव्हे, कारण दाब कायम राहतो आणि रंग पापुद्रे होऊन सुटतो. म्हणून सुरुवात बाहेरून करावी लागते : छपराच्या पन्हाळींचे पाणी भिंतीपासून दूर सोडणे, घराभोवतीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार देणे, पायालगत खडीत सच्छिद्र नळी पुरून निचरा करणे आणि तरीही आत येणारे पाणी जमिनीतील एका खड्ड्यात जमवून ते आपोआप चालू होणाऱ्या पंपाने बाहेर टाकणे. वादळात वीज जाते तेव्हाच या पंपाची सर्वाधिक गरज असते, त्यामुळे त्याला बॅटरीची जोड देणे ही चैन समजू नये.

भिंत वरवर कोरडी दिसली तरी ओलीचा प्रश्न संपत नाही. मातीने थंड ठेवलेल्या काँक्रीटवर खोलीतील दमट हवेचे दव जमते, म्हणून भिंतीला थेट लाकडी चौकट व काचतंतूंची गादी लावल्यास त्यांच्यामागे न दिसणारी बुरशी वाढते. काँक्रीटला चिकटून हवा न जाऊ देणारे फोमचे तक्ते बसवणे आणि चौकट त्यांच्या पुढे उभारणे अधिक भरवशाचे ठरते.

दुसरा अदृश्य धोका रेडॉन या वायूचा आहे. जमिनीतील युरेनियमच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या या किरणोत्सारी वायूला रंग किंवा वास नसतो. घरातील उबदार हवा वर चढत राहिल्याने तळाशी दाब कमी होतो आणि वायू फरशीच्या फटींतून आत खेचला जातो. धूम्रपानानंतर फुफ्फुसाच्या कर्करोगाचे तेच प्रमुख कारण मानले जाते. अमेरिकेत दर लिटर हवेमागे ४ पिकोक्युरी, तर कॅनडात दर घनमीटरमागे २०० बेकरेल ही उपाययोजनेची मर्यादा आहे. फरशीखालून नळी काढून पंख्याने तेथील हवा छपरावर सोडल्यास हे प्रमाण बरेच उतरते. मोजणी करायची ती सजावटीआधी, हे सांगणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांनी थोड्याफार फरकाने स्वीकारलेल्या निवासी बांधकाम संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान ७ फूट असावी लागते. जुन्या घरांत ती मिळवण्यासाठी पायाला टप्प्याटप्प्याने खालून नवा आधार देत फरशी खोल न्यावी लागते, आणि हे काम खर्चिक व जोखमीचे असते. निजण्याच्या खोलीस आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी खिडकी बंधनकारक आहे. तिची मोकळी जागा किमान ५.७ चौ. फूट (जमिनीच्या पातळीलगत असल्यास ५ चौ. फूट) असावी आणि तिचा उंबरा फरशीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नसावा, असा दंडक आहे. जिना धुराने भरला की हीच खिडकी जीव वाचवते.

न्यू जर्सी किंवा टोरांटो परिसरातील अनेक मराठी कुटुंबांत सजवलेले ‘बेसमेंट’ गणेशोत्सवाच्या आरतीला व नाटकाच्या तालमीला उपयोगी पडते, तर नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचे पहिले बिऱ्हाड पुष्कळदा भाड्याच्या तळघरातच असते. स्वस्त घरांच्या टंचाईमुळे विनापरवाना रूपांतरे वाढतात आणि त्यांची किंमत भाडेकरू मोजतात : १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात ११ जण तळघरांतील घरांत मरण पावले आणि त्यांतील बहुतेक घरे परवानगीविना वसवलेली होती.

महाराष्ट्रात पाया गोठण्याची भीती नसल्याने घराखाली राहता मजला काढण्याची गरज पडली नाही. जुन्या वाड्यांतील तळघरे व धान्याची पेवे साठवणीसाठीच होती, आणि आजच्या इमारतींतही तळमजल्याखालील जागा मुख्यतः वाहनतळ, कोठार व यंत्रसामग्री यांसाठी राखलेली असते. हा भेद पाळला नाही तर काय होते, हे २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत दिसले. तेथील एका शिकवणी संस्थेच्या तळघरात, जेथे केवळ वाहनतळ व साठवणीला परवानगी होती, ग्रंथालय चालवले जात होते आणि रस्त्यावरचे पावसाचे पाणी आत घुसून ३ विद्यार्थी बुडाले.