मुंबई ते लंडन : अंतर कोणते धरायचे?

‘अंतर भागिले वेग म्हणजे वेळ’ हे सूत्र आपण वर्गात शिकवतो. उदाहरण सुटते, पण दोन ठिकाणांमधले अंतर म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न बाजूलाच राहतो. शहापूर-मुरबाडच्या मुलांना तो घराजवळच भेटू शकतो.

मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट चढते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण बंदरातला माल या वाटेने जुन्नरकडे जाई. नकाशावर पट्टी ठेवली तर कल्याण ते जुन्नर सुमारे ८० किलोमीटर भरते. पण मालाची जनावरे पट्टीच्या रेषेवरून चालत नव्हती. सह्याद्री जिथे चढता येतो, तिकडे वाट वळत होती. शहापूर तालुक्यातील कसाऱ्यावरून १८६५ साली आगगाडी थळघाट चढू लागली, तीही वळणे घेतच.

आकाशात असे घाट नाहीत. मग विमान तरी सरळ जाते का? मुंबई-लंडन प्रवासाचा इतिहास पाहू. पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून या दोन शहरांमधले कमीत कमी अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजांना मात्र सुमारे १९,८०० किलोमीटर जावे लागे. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि हा मार्ग सुमारे ११,६०० किलोमीटरवर आला. शहरे जागची हलली नाहीत, पण अंतर बदलले.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत ते कैरो आणि जिनिव्हा येथे उतरले. तिन्ही टप्पे सरळ मोजले तरी बेरीज सुमारे ७,९०० किलोमीटर होते. ते कॉन्स्टेलेशन जातीचे, पंख्यांचे विमान होते. ताशी ४८० किलोमीटर वेग धरला तर निव्वळ उड्डाणालाच साडेसोळा तास लागतात. मुक्कामांचा वेळ वेगळा. कल्याणच्या व्यापाऱ्याची वाट डोंगराने ठरवली, तशी या विमानाची वाट इंधन आणि विमानतळ यांनी ठरवली.

१९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली व वेग जवळजवळ दुप्पट झाला. पुढे न थांबता जाणारी विमाने आली आणि प्रवास नऊ-दहा तासांवर आला.

तरीही जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो. या मार्गावर उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. स्थिर हवेत विमानाचा वेग ताशी ८५० आणि वारा ताशी ५० किलोमीटर धरू. लंडनकडे जाताना जमिनीच्या संदर्भात वेग ८०० उरतो, म्हणून ९ तास लागतात. परतताना तो ९०० होतो आणि ८ तास पुरतात. शिवाय चढणे, उतरणे आणि एखाद्या देशाचे बंद आकाश टाळून जाणे यांत वेळ जातो तो निराळाच.

वर्गात पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. मग तोच दोरा कैरो आणि जिनिव्हावरून न्या. किती जास्त लागला? यानंतर मुलांना तालुक्याच्या नकाशावर शहापूर ते मुरबाड आधी पट्टीने आणि मग रस्त्याच्या वळणांवर दोरा ठेवून मोजू द्या. दोन उत्तरांतला फरक कोणत्या नदीमुळे, कोणत्या टेकडीमुळे पडला, हे मुलेच सांगतील.