उदयशंकरांची नृत्यनाट्ये आज रंगभूमीवर का दिसत नाहीत?

शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एक समूहनृत्य बहुधा ठरलेले असते. दहा-बारा मुले रंगमंचावर एकत्र येतात. कोणाचे हात दट्ट्यासारखे पुढेमागे होऊ लागतात, कोणी चाक होतो, कोणी पट्टा होतो, आणि पाहता पाहता एक अजस्र यंत्र प्रेक्षकांपुढे उभे राहते. शेवटी मजूर त्या यंत्राविरुद्ध उठतात व टाळ्यांचा कडकडाट होतो. लष्कर-ग्वाल्हेरच्या आमच्या शाळेत अशीच एक तालीम चालू असता मी नृत्य बसविणाऱ्या शिक्षिकांना विचारले, "बाई, ही कल्पना आपणांस कोठे मिळाली?" त्या म्हणाल्या, "सर, ही तर नेहमीचीच आहे. आम्ही विद्यार्थिनी होतो तेव्हा आमच्या बाईंनीही बसविली होती."

त्या बाईंना ती कोणी दिली, हे शोधण्यास आता मार्ग नाही. आणि अशा परंपरेचा प्रत्येक धागा सिद्ध करता येईल असेही नाही. तथापि या कल्पनेचे एक थोर पूर्वरूप आपल्या देशात होऊन गेले, हे निश्चित आहे. उदयशंकर यांनी अल्मोड्याच्या काळात 'लेबर अँड मशिनरी' या नावाचे नृत्यनाट्य रचले. त्यात मानवी शरीरांचेच यंत्र झाले होते, आणि त्या यंत्राचा दास झालेला माणूस हा त्याचा विषय होता. आज उदयशंकरांचे नाव सुशिक्षित माणसास ठाऊक असते. परंतु त्यांचे एखादे संपूर्ण नृत्यनाट्य रंगभूमीवर पाहिले आहे, असे सांगणारा माणूस विरळा. नाव राहिले आणि कृती गेली, असे का व्हावे? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. उदयशंकरांचा जन्म ८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले आणि तेथून १९२० साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले. नर्तक होण्याचा त्यांचा विचार नव्हता. विख्यात रशियन नर्तिका ॲना पाव्हलोव्हा यांना भारतीय विषयांवरील दोन नृत्ये हवी होती. ती बसविण्यास उदयशंकरांनी साहाय्य केले, आणि १९२३ साली त्यांच्यासमवेत कृष्णाच्या भूमिकेत ते स्वतः रंगमंचावर उभे राहिले. पुढे ॲलिस बोनर या स्विस शिल्पकर्तीच्या साहाय्याने त्यांनी स्वतःचे पथक उभारले व १९३१ साली पॅरिसमध्ये त्याचा पहिला प्रयोग केला. लवकरच युरोप-अमेरिकेत भारतीय नृत्य म्हणजे उदयशंकर, असे समीकरण होऊन बसले. या पथकाच्या संगीताची धुरा आरंभी तिमिर बरन यांच्याकडे होती, व पुढे ती विष्णुदास शिराळी यांच्याकडे आली. शिराळी हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. मराठी संगीतजगताचा या इतिहासाशी जडलेला हा एक महत्त्वाचा दुवा होय.

१९३८-३९ च्या सुमारास इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉलच्या एल्महर्स्ट दांपत्याच्या आर्थिक साहाय्याने अल्मोड्याजवळ सिमतोला येथे उदयशंकरांचे सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. कथकळीसाठी शंकरन् नंबुद्री, भरतनाट्यासाठी कंदप्पा पिल्ले, मणिपुरीसाठी अमोबी सिंग आणि संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, असे आचार्य एका टेकडीवर एकत्र आले. गुरुदत्त, नरेंद्र शर्मा, सचिन शंकर, प्रभात गांगुली ही मंडळी तेथेच घडली. परंतु युद्धकाळ आणि निधीची टंचाई यांमुळे हे केंद्र अल्पावधीतच बंद पडले. पुढे १९४८ साली उदयशंकरांचा 'कल्पना' हा चित्रपट प्रकाशित झाला. १९६१ मध्ये रवींद्रनाथांच्या कवितेवरील 'सामान्य क्षति' आणि १९७० मध्ये रंगमंच व चित्रपट यांचा संगम साधणारे 'शंकरस्कोप' हे त्यांचे उत्तरकालीन प्रयोग. २६ सप्टेंबर १९७७ रोजी कलकत्त्यास त्यांचे निधन झाले.

आता कारणमीमांसेकडे वळू. सर्वांत ढोबळ कारण म्हणजे ही नृत्ये लिहिली गेली नाहीत. आपल्या संगीत नाटकाशी तुलना केली म्हणजे याचा अर्थ ध्यानी येतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ सालचे. ते आजही होते, याचे कारण त्याची संहिता छापलेली आहे आणि त्याची पदे कंठोकंठी आहेत. गायनाचेही तसेच आहे. पंडित भातखंडे यांनी घराण्यांतील चिजा मिळवून स्वरलिपीत छापल्या. ग्वाल्हेरला १९१८ साली निघालेल्या माधव संगीत महाविद्यालयात त्याच पद्धतीने शिक्षण सुरू झाले, आणि उस्तादांच्या गळ्यातील विद्या विद्यार्थ्याच्या दप्तरात आली. दप्तरातील चीज म्हणजे गाणे नव्हे, हा आक्षेप खरा आहे; पण चीज हरवली नाही, हेही तितकेच खरे आहे. नृत्याला मात्र आपल्याकडे असा भातखंडे लाभला नाही. युरोपात नृत्यलिपीचे प्रयत्न पूर्वीच झाले होते. रशियातील राजनाट्यगृहाच्या नृत्यनाट्यांच्या लिखित वह्या निकोलस सर्गेयेव्ह यांनी क्रांतीनंतर देशाबाहेर नेल्या, आणि त्यांच्या आधारे पेतिपाच्या रचना लंडनमध्ये पुन्हा उभ्या राहिल्या. उदयशंकरांच्या नृत्यांच्या अशा वह्या असत्या, तर आजची चर्चा निराळी झाली असती.

परंतु एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. भरतनाट्य आणि कथक यांतील रचना तरी कोठे लिहिल्या होत्या? त्या गुरुमुखातून आल्या आणि टिकल्या. मग उदयशंकरांच्या रचना का टिकू नयेत? माझ्या मते, याचे उत्तर त्यांच्या शिक्षणपद्धतीत आहे. कथकातील तोडा किंवा भरतनाट्यातील अडवू हे एक ठरलेले परिमाण असते. गुरू ते शिष्याच्या अंगी उतरवितो, शिष्य आपल्या शिष्याच्या अंगी उतरवितो, आणि ठरलेल्या परिमाणांची रचना लक्षात ठेवणे सुकर होते. उदयशंकरांनी असे परिमाण बांधले नाही. बालपणापासून कोणत्याही एका शैलीची तालीम त्यांनी घेतली नव्हती. चित्रकाराची दृष्टी, अजिंठा-वेरूळची रूपे, कथकळीचा अभिनय आणि लोकनृत्यांचा ठेका या सर्वांतून हवे ते घेऊन प्रत्येक विषयासाठी ते नवी भाषा घडवीत. अल्मोड्याच्या वर्गात चालणे, उभे राहणे, निरीक्षण करणे आणि दिलेल्या कल्पनेवर तत्काळ काही रचून दाखविणे, यांवर भर असे. 'असे कर' हे सांगण्यापेक्षा 'तुला काय सुचते ते दाखव' हे सांगणारी ती शाळा होती.

शिक्षक या नात्याने मला ही पद्धती फार मोलाची वाटते. पण तिचे फळ काय, हेही स्पष्ट पाहिले पाहिजे. ज्या शिष्याला स्वतः रचावयास शिकविले, तो गुरूची रचना जपत बसत नाही. सचिन शंकरांनी मुंबईत १९५३ साली बॅले युनिट काढले आणि आपल्या रचना केल्या. नरेंद्र शर्मांनी दिल्लीत 'भूमिका' ही संस्था उभारली आणि आपल्या रचना केल्या. प्रत्येकाने गुरूची आज्ञा पाळली, आणि आज्ञा पाळल्यामुळेच गुरूच्या कृती मागे पडल्या. यास कृतघ्नता म्हणता येणार नाही. त्या शिक्षणाच्या पोटातच हा परिणाम दडलेला होता.

याला आणखी एका गोष्टीची जोड मिळाली. उदयशंकरांच्या कित्येक रचनांच्या केंद्रस्थानी त्यांचे स्वतःचे शरीर होते. त्यांच्या बाहूंची लाटेसारखी वाहणारी गती आणि शिव किंवा इंद्र होऊन उभे राहण्याची त्यांची ढब पाहावयास लोक येत. 'कार्तिकेय' हे नृत्य त्यांनी शंकरन् नंबुद्रींच्या मार्गदर्शनाने बसविले; पण ते कथकळीच्या नटाला जसेच्या तसे देता येईल असे नव्हते. बालगंधर्वांची पदे आज पुष्कळ गायक गातात, परंतु पदर सावरण्याची त्यांची लकब कोणास देता आली? उदयशंकरांच्या बाबतीत तर ती लकब हाच रचनेचा मोठा भाग होता. संगीतही त्या हालचालींबरोबरच तालमीत जन्मास येई, म्हणून ते वेगळे काढून ठेवणेही अवघड होते. १९३७ साली अमेरिकेत त्यांच्या वादकांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या ऐकल्या म्हणजे वाद्यांचा तो आगळा मेळ कानी पडतो, पण त्यावर पावले कशी पडत होती हे कळत नाही.

तिसरे कारण स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. १९५३ साली संगीत नाटक अकादमी स्थापन झाली. विद्यापीठांत नृत्याचे विभाग निघाले. आपल्या वडोदऱ्यास तर ते शिक्षण आरंभीच्या वर्षांतच सुरू झाले. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत कथक व भरतनाट्य यांना स्थान मिळाले. या सर्वांमुळे शास्त्रीय नृत्याचे फार मोठे कल्याण झाले, यात संशय नाही. परंतु शाळेत आयुष्य घालविलेल्या माणसास एक गोष्ट पक्की ठाऊक असते: ज्याचा अभ्यासक्रम होतो आणि ज्याची परीक्षा होते, ते टिकते, ज्याची परीक्षा घेता येत नाही, ते स्नेहसंमेलनात जाते. उदयशंकरांच्या कलेचा अभ्यासक्रम होण्याजोगा नव्हता. अकादमीने १९६० साली त्यांचा गौरव केला तोही 'सर्जनशील नृत्य' या विभागात. सन्मान झाला, पण घराणे ठरले नाही.

येथे एक शंका रास्तपणे घेता येईल. त्याच वाटेवरील एक कृती दीर्घकाळ टिकली आहे, आणि तिचा आमच्या ग्वाल्हेरशी निकटचा संबंध आहे. अल्मोडा केंद्रात काम केलेले शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत लिट्ल बॅले ट्रूप ही संस्था स्थापिली आणि क्षयाने खंगलेल्या देहाने 'रामायण' हे नृत्यनाट्य बसविले. १९५४ साली ते निवर्तले. तरी त्यांच्या पत्नी गुल बर्धन आणि प्रभात गांगुली आदी सहकाऱ्यांनी ते 'रामायण' अनेक दशके देशोदेशी केले. साठच्या दशकात ही संस्था ग्वाल्हेरला आली व पुढे भोपाळला गेली. मग येथे जे साधले, ते तेथे का साधू नये?

माझ्या समजुतीने याची दोन कारणे आहेत. पहिले रचनेतील. या 'रामायणा'तील पात्रे कठपुतळ्यांसारखी हालतात. चेहऱ्यावर मुखवटे, हालचाली कोनाकोनाच्या व मोजक्या. बाहुलीचे नियम एकदा ठरले की राम कोणीही होऊ शकतो. मुखवट्यामागचा नर्तक बदलला तरी रचना मोडत नाही. दुसरे कारण माणसांतील. ही मंडळी एकत्र राहिली, एका चुलीवर जेवली, आणि जुना नर्तक गेला की नव्यास त्याने हाताला धरून शिकविले. उदयशंकरांचे अल्मोड्याचे कुटुंब मात्र काही वर्षांतच विखुरले. १९६५ साली त्यांच्या पत्नी अमला शंकर यांच्या पुढाकाराने कलकत्त्यास पुन्हा केंद्र निघाले, आणि २०२० साली वयाच्या १०१ व्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांनी तो वारसा आस्थेने सांभाळला. तथापि मोठा नर्तकवृंद, वादकांचा ताफा आणि महिनोन्‌महिन्यांची तालीम यांचा भार एका केंद्राने कितीसा वाहावा?

राहता राहिला 'कल्पना'. प्रकाशनाच्या वेळी तो चालला नाही, आणि नंतर दीर्घकाळ सहज पाहावयास मिळत नसे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील प्रतींच्या आधारे त्याचे पुनरुज्जीवन झाले व २०१२ साली तो कान महोत्सवात दाखविला गेला. यंत्राचे ते नृत्य त्यात आहे. परंतु चित्रपट म्हणजे नृत्यनाट्य नव्हे. कॅमेरा एका चेहऱ्याकडे वळला की उरलेले नर्तक काय करीत होते, हे कायमचे झाकले जाते. तरीही एवढा आधार थोडा नाही. निजिन्स्कीचे 'वसंतविधी' हे नृत्यनाट्य १९१३ साली थोडे प्रयोग होऊन लुप्त झाले होते. रेखाटने, टिपणे आणि वृद्धांच्या आठवणी यांवरून १९८७ साली ते पुन्हा उभे केले गेले. ते तंतोतंत मूळचे आहे, असे कोणी म्हणत नाही. परंतु लोकांस पाहावयास आणि वाद घालावयास काहीतरी समोर आले.

आपल्याकडे तेवढे तरी व्हावे. ज्यांनी उदयशंकरांच्या शिष्यांकडून प्रत्यक्ष शिक्षण घेतले अशी माणसे अजून आहेत. त्यांच्या अंगात जे उरले आहे ते त्यांच्याबरोबरच जाईल. दोन-तीन रचना जरी 'कल्पना' आणि त्यांची स्मृती यांच्या आधारे बसवून लिपीबद्ध झाल्या, तरी पुढील पिढीला चूक दुरुस्त करण्यास एक मूळ प्रत मिळेल. 'तुला काय सुचते ते दाखव' असे म्हणणाऱ्या गुरूला हे रुचले असते का, हा प्रश्न मला पडतो. कदाचित नसतेही. पण नवे सुचण्यासाठी मागे काही पाहिलेले असावे लागते. स्वतः उदयशंकरांनीही वेरूळची लेणी पाहिली होती, आणि ती दगडात कोरलेली होती म्हणूनच त्यांना पाहता आली.

यंदाच्या स्नेहसंमेलनात यंत्राचे ते नृत्य पुन्हा व्हावयाचे आहे. तालमीपूर्वी मुलांना 'कल्पना'मधील तो भाग दाखवावा, असे शिक्षिकांनी आणि मी ठरविले आहे. कार्यक्रमपत्रिकेत त्या नृत्याखाली आजवर कोणाचेच नाव छापलेले नसे. या वेळी ज्यांची प्रेरणा घेतली त्यांचे नाव तेथे छापले जाईल.