आगकाड्यांची मौज आणि घरातील प्रत

इंदूरचे चित्रकार विष्णू चिंचाळकर यांना सारे शहर ‘गुरुजी’ म्हणूनच ओळखत असे. वाळलेले पान, झाडाची साल, लाकडाचा एखादा तुकडा अशा क्षुद्र वस्तूंत त्यांना पक्षी दिसे, प्राणी दिसे, माणसाचा चेहरा दिसे. आणि त्यांनी तो दाखविला की पाहणाऱ्यासही दिसू लागे. निर्जीव वस्तूत जीव पाहण्याची हीच दृष्टी त्यांच्या कितीतरी आधी नाशिक येथे एका मराठी कलावंतास लाभली होती. १९१५ साली दादासाहेब फाळके यांनी आगपेटीतील काड्या कॅमेऱ्यासमोर मांडल्या आणि त्यांना पडद्यावर हिंडावयास लावले. त्या लहानशा पटाचे नाव ‘आगकाड्यांची मौज’. भारतातील अ‍ॅनिमेशनचा, म्हणजे अचेतनास सचेतन करणाऱ्या चित्रपटाचा, आरंभ सामान्यतः येथूनच मानला जातो. दुर्दैवाने हा आरंभ आज केवळ नावापुरता उरला आहे. त्या पटाची एकही प्रत शिल्लक नाही.

फाळके यांना ही युक्ती अकस्मात सुचलेली नव्हती. १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यासाठी भांडवल हवे होते तेव्हा, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची एकेक चौकट दिवसामागून दिवस टिपली. महिन्याभराची ती वाढ पडद्यावर क्षणार्धात झालेली पाहून धनिकांचा विश्वास बसला. आगकाड्यांच्या पटातही तत्त्व हेच होते. काडी किंचित सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची, पुन्हा चित्र घ्यावयाचे. मूकपटाच्या काळी सेकंदाला सुमारे १६ चित्रे दाखवीत असत. त्या हिशेबाने पडद्यावरील एका मिनिटासाठी ९६० वेळा हा खटाटोप करावा लागे. पहिल्या महायुद्धामुळे कोरी फिल्म दुर्मिळ झाली होती आणि भांडवलदारही बिचकले होते. अशा अडचणीच्या दिवसांत फाळके यांनी जे लघुपट काढले, त्यांतलाच हा एक होय.

एवढ्या कष्टाची कृती नाहीशी का व्हावी, याचे उत्तर फिल्मच्या घडणीत आहे आणि तिच्या व्यापारातही आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती भडकन पेट घेई. आणि न पेटली तरी बंद डब्यात हळूहळू कुजून तिची भुकटी होई. फिल्मवरील थरात चांदी असे, म्हणून जुनी रिळे चांदी काढून घेण्यासाठी विकली जात. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याचीही प्रत आज मिळत नाही.

व्यापाराची रीत कशी होती, हे इंदूरकरांना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. मध्य भारताच्या चित्रपट-व्यवसायात इंदूर हे वितरणाचे मोठे केंद्र होते. येथून रिळांच्या पेट्या माळव्यातील आणि निमाडातील गावोगावच्या चित्रगृहांकडे जात व तेथून परत येत. प्रत्येक खेळागणिक फिल्मवर नवे ओरखडे उठत, कडेची भोके फाटत, तुटलेली जागा कापून जोड दिला जाई. कराराची मुदत संपली की त्या जीर्ण प्रतीस काही मोल उरत नसे. चित्रपट हा खेळ होता. खेळ संपला की सामान आवरावयाचे, असाच सर्वांचा समज होता. पुस्तकाच्या हजार प्रती हजार घरांत राहतात आणि त्यांतील दोन-चार शंभर वर्षे टिकतात. चित्रपटास असे घर नव्हते.

परदेशांत मात्र चित्रपटास घर मिळवून देण्याचा उद्योग फार लवकर सुरू झाला. १९२२ च्या अखेरीस फ्रान्समधील पाते कंपनीने ‘पाते-बेबी’ नावाचे घरगुती यंत्र बाजारात आणले. त्यावर साडेनऊ मिलिमीटर रुंदीच्या, सहज पेट न घेणाऱ्या फिल्मवर उतरविलेले चित्रपट घरी बसून पाहता येत. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कोडॅकने १६ मिलिमीटरची फिल्म आणली. हौशी लोकांनी विकत किंवा भाड्याने घेतलेल्या या लहान प्रतींचे महत्त्व त्या वेळी कोणास वाटले नाही. परंतु मोठ्या पडद्याच्या मूळ प्रती नष्ट झाल्यावर कित्येक मूकपट, आणि त्यांत व्यंगचित्रपटही, केवळ अशा घरगुती प्रतींमुळे इतिहासाच्या हाती राहिले.

प्रत कोठे उरली यावर कलाकृतीचे भाग्य कसे ठरते, याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. जगातील पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट अर्जेंटिनात क्विरिनो क्रिस्तियानी यांनी १९१७ साली काढला. त्याचे नाव ‘एल अपोस्तोल’. पुढे आगीत तो जळाला आणि कायमचा गेला. जर्मनीत लोटे रायनिगर या बाईंनी काळा कागद कातरून केलेल्या छायाकृतींचा ‘राजपुत्र अहमदची साहसे’ हा पट १९२६ मध्ये दाखविला. त्याची मूळ निगेटिव्हही दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. परंतु एक रंगछटायुक्त प्रत लंडनच्या चित्रपट संग्रहात राहिली होती. तिच्यावरून १९९८-९९ च्या सुमारास फ्रँकफुर्ट येथील चित्रपट संग्रहालयाने त्या पटाचा जीर्णोद्धार केला. आज तो पट तबकडीवर घेऊन कोणीही घरी पाहू शकतो.

आपल्याकडे फाळके यांच्यानंतर १९३४ च्या सुमारास पुण्याच्या प्रभात कंपनीने रघुनाथ केळकर यांच्याकडून ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट करवून घेतला. त्याच वर्षी कलकत्त्यात न्यू थिएटर्सने ‘द पी ब्रदर्स’ प्रदर्शित केला. फेब्रुवारी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी जुन्या फिल्मचा शोध आरंभिला. फाळके यांच्या ‘कालियामर्दन’ (१९१९) या पटाचा मोठा भाग आज पाहावयास मिळतो, तो या शोधामुळेच. परंतु ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली आणि जतन केलेली शेकडो रिळे, त्यांत प्रभातचीही, भस्मसात झाली. एकाच ठिकाणी ठेवलेली प्रत ही सुरक्षित प्रत नव्हे, हा धडा त्या आगीने दिला.

दरम्यान भारतातही चित्रपटाने घरात प्रवेश केला होता. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, व्हिडिओ यंत्रे आली; पुढे व्हीसीडी आणि डीव्हीडीच्या तबकड्या आल्या. या घरगुती माध्यमाचे उपकार ज्या चित्रपटावर सर्वांत अधिक झाले, तो ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा होय. युगो साको या जपानी निर्मात्याने भारतातील उत्खननांवरील माहितीपट करता करता रामकथेचा ध्यास घेतला. ही कथा व्यंगचित्रांतून दाखविणे उचित नव्हे, अशी शंका येथे घेतली गेली आणि सरकारी सहकार्याचा बेत फिसकटला. तेव्हा काम जपानमध्ये झाले. पण साको आणि कोइची सासाकी यांच्यासह दिग्दर्शनात राम मोहन यांचा वाटा होता. राम मोहन हे १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्र विभागात, डिस्नेच्या संस्थेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली तयार झालेले कलावंत. संगीत वनराज भाटिया यांचे होते. सुमारे ४५० कलावंतांनी लाखभर चित्रे हातांनी काढली.

हा पट जानेवारी १९९३ मध्ये भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. अयोध्येतील घटनेस तेव्हा जेमतेम महिना लोटला होता आणि देशातील वातावरण क्षुब्ध होते. चित्रगृहांत त्याचे म्हणावे तसे स्वागत झाले नाही. परंतु पुढे दूरचित्रवाणीवरून आणि कॅसेट-तबकड्यांवरून तो मुलांपर्यंत पोहोचला. त्या मुलांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, मनात जपला आणि मोठेपणी इतरांस दाखविला. अखेर २४ जानेवारी २०२५ रोजी त्याची नवी, सुस्पष्ट ‘४के’ आवृत्ती भारतातील चित्रगृहांत आली. जो पट चित्रगृहांनी दूर ठेवला, त्यास घरांनी वाढविले आणि पुन्हा चित्रगृहात धाडले.

अशा जुन्या पटाची नवी घरगुती आवृत्ती काढणे हे मात्र नुसते नक्कल करण्याचे काम नाही. जुन्या व्हीएचएस कॅसेटवर चित्राचा जेमतेम २४० रेषांइतका तपशील उतरत असे. म्हणून प्रथम मूळ निगेटिव्ह शोधावी लागते. ती धुऊन, फाटलेल्या कडा सांधून, एकेक चौकट यंत्राने टिपून घ्यावी लागते. साको यांच्या १३५ मिनिटांच्या पटात सेकंदाला २४ या हिशेबाने १,९४,४०० चौकटी भरतात. उतरलेले रंग पूर्ववत करावयाचे, निरनिराळ्या भाषांच्या ध्वनिपट्ट्या चित्राशी तंतोतंत जुळवावयाच्या. दूरचित्रवाणीच्या जुन्या चौकोनी पडद्यासाठी दोन्ही बाजू कापल्या असतील तर त्या परत मिळवावयाच्या. १९३७ चा ‘स्नो व्हाइट’ हा पट १९९३ मध्ये असा संपूर्णपणे संगणकात उतरवून, स्वच्छ करून पुन्हा फिल्मवर आणला गेला. तसे होणारा तो पहिलाच चित्रपट. पुढच्या वर्षी त्याची घरगुती कॅसेट निघाली.

या कामात सर्वांत अवघड गोष्ट कोणती, तर कोठे थांबावे हे ठरविणे. धूळ काढणारे यंत्र कधी कधी पापणीची बारीक रेघ किंवा पावसाचा थेंबही धूळ समजून पुसून टाकते. फिल्मचा कण अगदी घालविला तर कुंचल्याची रेषाही त्याबरोबर विरघळते आणि हाताने काढलेले चित्र मेणासारखे गुळगुळीत दिसू लागते. जुन्या देवळावर तैलरंगाचा जाड थर चढवावा, तसाच हा प्रकार. फिल्मवर काळाने उमटविलेला ओरखडा काढावयाचा आणि कलावंताच्या हाताची खूण राखावयाची, हा विवेक ज्यास आहे त्याचीच आवृत्ती रसिक जपून ठेवतात. शब्दांचेही तेच. ‘रामायण’ पटाच्या इंग्रजी आवृत्तीतील संस्कृत गीते वसंत देव यांची होती. हिंदी आवृत्तीची गीते निराळी. पुढे अमेरिकेत हाच पट नव्या नावाने व जेम्स अर्ल जोन्स यांच्या निवेदनासह गेला. यांपैकी एकच ठेवून बाकीच्या गाळल्या, तर इतिहासाची पाने फाडल्यासारखे होईल.

तबकडी घरी आली म्हणून ती अमर झाली, असेही समजू नये. माळव्याच्या पावसाळ्यात कपाटातील कॅसेटवर बुरशी चढते, तबकडीचा थर उडतो, आणि ज्या यंत्रावर ती चालत असे ते यंत्रच बाजारातून नाहीसे होते. म्हणून संग्रहालयातील निगेटिव्ह आणि घरातील प्रत ही एकमेकांची पूरक आहेत. निगेटिव्ह चित्राचा अस्सलपणा राखते. घरातील प्रत त्याच्याविषयीची ओढ राखते. ओढच उरली नाही तर निगेटिव्ह शोधावयास कोण जाणार? जुने सामान काढताना अनोळखी चित्रपटाची कॅसेट अथवा रीळ हाती आले, तर ते रद्दीत टाकण्यापूर्वी जाणत्यास दाखवावे, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाला करता येण्याजोगे आहे.

फाळके यांनी काड्या मांडल्या तेव्हा ‘पाते-बेबी’ यंत्र निघावयास सात वर्षे अवकाश होता. त्यांच्या पटाची प्रत कोणाच्या घरी राहण्याची सोयच नव्हती. पुढच्या चित्रकारांच्या बाबतीत तशी सबब सांगता येणार नाही.