वाघ, हरीण, अस्वल आणि कॅशियर

गेल्या पावसाळ्यात माझी कंबर धरली. अशी धरली, की कॅश काउंटरच्या खुर्चीवरून उठताना माझा आकार प्रश्नचिन्हासारखा होई आणि रांगेतली मंडळी त्याला उत्तर म्हणून आपापली दुखणी सांगू लागत. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "दिवसातले किती तास बसता?"

"साडेसात," मी म्हणालो.

"आणि उरलेले?"

"उरलेल्यात घरी येऊन जरा निवांत बसतो."

डॉक्टरांनी हळू हालचालींचा व्यायाम सांगितला. सोसायटीच्या गच्चीवर एक निवृत्त शिक्षिका सकाळी चीगोंग शिकवतात, ही बातमी सौ.ने काढली. मी कुरकुरताच ती म्हणाली, "अहो, धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. नुसतं उभं राहून श्वास घ्यायचाय. तेवढं तरी जमेल ना?"

पंचवीस वर्षांच्या संसारानंतर बायकोच्या आपल्याकडून इतक्याच अपेक्षा उरल्या असतील, तर त्या पुऱ्या करणं भाग असतं. पण मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. कुठल्याही खात्यात रक्कम घालण्याआधी मागची खतावणी पाहायची, हे हाडात भिनलेलं. म्हणून हात वर करण्याआधी मी चीगोंगचा इतिहास वाचायला बसलो. (बसलो, हे पुन्हा ध्यानात घ्या.)

'ची' म्हणजे श्वास, प्राण. 'गोंग' म्हणजे सरावाने कमावलेली गोष्ट. इंग्रजीत हा शब्द 'क्यू'ने सुरू होतो. माझं जन्माचं दुखणंही क्यूपासूनच सुरू झालेलं असल्यामुळे मला ते योग्य वाटलं.

या खात्याची सुरुवातीची शिल्लक सापडली ती १९७३ साली, हुनान प्रांतातल्या चांगशाजवळ, मावांगद्वेईच्या एका थडग्यात. थडगं बंद झालेलं इसवी सनापूर्वी १६८ मध्ये. आत एक रेशमी पट निघाला. त्यावर चव्वेचाळीस माणसं व्यायाम करताहेत. बाया आहेत, बाप्ये आहेत, तरुण आहेत, म्हातारे आहेत. कुणी वाकलंय, कुणी हात ताणलेत. काही चित्रांपाशी प्राण्यांची नावं आहेत, तर काहींपाशी दुखण्यांची. त्यांत गुडघेदुखीही आहे. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचा चिनी गुडघा आणि आमच्या शाखेतला गुडघा एकाच कारणाने कुरकुरतात, हे वाचून मला फार धीर आला.

त्याही आधी च्वांगत्झ या तत्त्ववेत्त्याच्या नावावरच्या ग्रंथात, दीर्घायुष्यासाठी अस्वलासारखं आळोखेपिळोखे देणाऱ्या लोकांना चिमटा काढलेला आहे. म्हणजे व्यायाम करणाऱ्याला गॅलरीतून हसणारा शेजारीही व्यायामाइतकाच पुरातन!

पण माझं मन बसलं ते हुआ तुओ या वैद्यावर. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा हा गृहस्थ. त्याने वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी अशा पाच प्राण्यांच्या हालचालींवरून एक व्यायाम बसवला. शिष्याला तो सांगे की शरीराला श्रम द्यावेत, पण फार ताणू नये. दाराची बिजागरी सतत हलते म्हणून तिला कीड लागत नाही. वू फू नावाचा त्याचा शिष्य हा व्यायाम करून नव्वदीच्या पुढे गेला आणि तोवर त्याचे दात, कान, डोळे शाबूत होते, असं तिसऱ्या शतकातला इतिहासग्रंथ सांगतो.

हुआ तुओचं स्वतःचं मात्र असं झालं नाही. त्साओ त्साओ नावाच्या जबरदस्त सेनापतीचं डोकं दुखे आणि ते हुआ तुओच्या सुईने थांबे. मग सेनापती त्याला सोडीना. वैद्याला घरची ओढ लागली. तो रजा घेऊन गावी गेला आणि बायको आजारी असल्याचं कळवून रजा वाढवत राहिला.

वाचकहो, इथे मी पुस्तक मिटलं आणि अठराशे वर्षांपूर्वीच्या त्या सहकाऱ्याला मनोमन नमस्कार केला. हा अर्ज आमच्या धंद्यात आजही रोज लिहिला जातो!

त्साओ त्साओने चौकशीला माणसं पाठवली. हुकूम असा : बायको खरंच आजारी असेल तर तिला चाळीस मापं कडधान्य द्या आणि रजा वाढवा; खोटं असेल तर त्याला धरून आणा. बायको ठणठणीत निघाली. हुआ तुओला तुरुंगात टाकून मारलं. मरण्याआधी त्याने आपला ग्रंथ तुरुंगाच्या पहारेकऱ्याला देऊ केला, पण तो भीतीने घेईना. तेव्हा वैद्याने तो जाळून टाकला. पुढे २०८ साली त्साओ त्साओचा लाडका मुलगा आजारी पडून गेला, तेव्हा सेनापतीला त्या वैद्याची आठवण आली. रजा नामंजूर करताना वरिष्ठांनी इतका पुढचा विचार करावा, एवढंच माझं नम्र म्हणणं.

मधल्या काळात एक नोंद आपल्याही नावे पडली. दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्माने शाओलिन मठात 'यीजिनजिंग' नावाचा व्यायाम शिकवला, अशी आख्यायिका आहे. माझी छाती फुगली. पण संशोधकांनी तपासलं तर तो ग्रंथ निघाला सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजार-अकराशे वर्षांनी लिहिलेला. छाती पूर्ववत झाली. श्वास सोडण्याचा तेवढाच सराव.

गंमत म्हणजे या सगळ्या प्रकारांना मिळून 'चीगोंग' हे नाव चिकटलं ते अगदी अलीकडे. आणि ते चिकटवण्यात पुढाकार कुणा साधूचा नव्हता, तर ल्यू ग्वीचेन नावाच्या एका पक्ष-कर्मचाऱ्याचा होता. १९४७ साली, वयाच्या सत्ताविशीत, त्याला पोटाच्या अल्सरने आणि निद्रानाशाने पार वाळवलं. पक्षाने त्याला होपेई प्रांतातल्या त्याच्या गावी धाडलं. याच प्रांतात आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जखमींची सेवा करता करता १९४२ साली गेले. तिथे डॉक्टरांचा नि औषधांचा केवढा दुष्काळ होता, ते आपल्याला त्यांच्या कथेवरून ठाऊक आहे. ल्यूने गावातल्या एका जाणत्याकडून बसून श्वास घेण्याची जुनी पद्धत शिकून एकशे दोन दिवस केली आणि तो बरा होऊन कामावर हजर झाला.

वरिष्ठ खूश झाले. फुकटचं औषध कुणाला नको? १९४९ मध्ये नाव ठरलं आणि १९५०च्या दशकात आरोग्यधामं निघाली. जुने मंत्रही सुधारले. पूर्वी ध्यानगृहात बसलेल्या सोनेरी ड्रॅगनच्या नख्यांचा मंत्र मनात म्हणायचा; त्याजागी आता 'प्रकृती सुधारावी म्हणून मी बसतो' अशा अर्थाचं वाक्य आलं. सरकारी परिपत्रकाचा हात लागला, की ड्रॅगनचासुद्धा कसा कारकून होतो पाहा! पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात हेच सगळं अंधश्रद्धा ठरलं. आरोग्यधाम बंद झालं आणि ल्यूलाही पदावरून हाकललं.

१९८०च्या दशकात वारं पुन्हा फिरलं. बागा माणसांनी भरल्या. मग मात्र हिशेब सुटला. तळहातातून 'ची' फेकून दुरूनच रोग बरे करणारे गुरू उगवले आणि चीनच्या रॉकेटविद्येचे जनक छियान श्युएसेन यांनीही या संशोधनाची पाठराखण केली. याच लाटेतून आलेल्या फालुन गोंगवर सरकारने जुलै १९९९ मध्ये बंदी घातली आणि अनुयायांची धरपकड झाली. इतर मोठ्या संस्थाही गुंडाळल्या गेल्या. पुढे सरकारच्या क्रीडा खात्याने काही जुने व्यायाम तेवढे नव्याने बसवून दिले. त्यांत हुआ तुओचे पाच प्राणी होतेच.

सगळी खतावणी वाचल्यावर मला दिसलं ते इतकंच, की सेनापती, पक्ष, गुरू, शास्त्रज्ञ या सगळ्यांनी या खात्यातून जमेपेक्षा जास्त रक्कम काढू पाहिली. म्हातारा वैद्य फक्त बिजागरीबद्दल बोलत होता. चीगोंगची बहीण जी तायची, तिच्याबद्दलचे आजचे वैद्यकीय अभ्यासही तसंच मोजकं बोलतात : म्हाताऱ्या माणसांचा तोल सुधारतो, पडणं कमी होतं.

'पडणं कमी होतं' या तीन शब्दांशी मी थांबलो. माझे वडील, अण्णा, मामलेदार कचेरीत कारकून होते. आयुष्यभर बसले. बहात्तराव्या वर्षी मोरीत पाय घसरला आणि खुबा मोडला. तोल सावरायला लागतो तेवढा एक क्षण त्यांच्या पायांपाशी शिल्लक नव्हता. अंथरुणावरून ते पुन्हा उठले नाहीत. मला त्यांचं नाक मिळालंय, अक्षर मिळालंय, आणि बसण्याची सवयही मिळाली आहे.

दुसऱ्या दिवसापासून सहा वाजता मी गच्चीवर जाऊ लागलो. वाघ करताना शेजारची मुलं हसली, अस्वल करताना मला स्वतःलाच हसू आलं. शेवटी पक्षी. दोन्ही हात पसरून एका पायावर उभं राहायचं. सौ. मोजायला उभी होती.

"आज अकरा झाले," ती म्हणाली.

"काल?"

"काल नऊ."

पंचवीस वर्षं मी लोकांची शिल्लक मोजतोय. माझी दोनाने वाढलेली पहिल्यांदाच कुणी मोजून सांगितली.