सोरपोतेल : एका मडक्यातील इतिहास

नाताळचा सण दोन-तीन दिवसांवर आला की गोव्यातील ख्रिस्ती घरांत सोरपोतेलाचे मडके चुलीवर चढते. हा पदार्थ घाईचा नव्हे. डुकराचे मांस, चरबी आणि काळीज प्रथम उकडावयाचे. मग त्याचे अगदी बारीक तुकडे करून ते त्याच्याच चरबीत परतावयाचे. लाल मिरची, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, आले आणि लसूण शिरक्यात वाटून तो मसाला त्यात घालावयाचा आणि नंतर आच मंद करून स्वस्थ राहावयाचे. मोठ्या आचेवर मांस आकसते व कोरडे पडते. मंद आचेवर मात्र कातडीलगतचे चिवट तंतू हळूहळू विरघळतात आणि रस्सा दाट होतो. पहिल्या दिवशी ते वाढीत नाहीत. रोज एकदा गरम करून ठेवले म्हणजे तिसऱ्या दिवशी त्याला खरी चव येते, असे जाणती माणसे सांगतात.

हे नाव पोर्तुगीज आहे. पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतात सारापातेल नावाचा पदार्थ होतो. तेथे तो कोकराच्या मांसाचाही करतात. पोर्तुगीजांबरोबर तो ब्राझीलमध्ये गेला, तसाच तो गोव्यातही आला. त्याचे भावंड म्हणजे विंदालू. त्याचा बटाट्याशी, म्हणजे आलूशी, मुळात काही संबंध नाही. द्राक्षाची दारू आणि लसूण यांत मुरविलेल्या मांसाला पोर्तुगीज भाषेत जे नाव आहे, त्याचाच तो अपभ्रंश होय. मदेरा बेटावर आजही नाताळात तसे मांस शिजते. गोव्यात द्राक्षाची दारू दुर्मिळ, पण माड मुबलक. रेंदेराने उतरविलेल्या माडीचा शिरका तिच्या जागी आला, आणि पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेल्या मिरचीने रंग भरला. पोर्तुगालचे नाव, अमेरिकेची मिरची आणि कोकणचा माड अशा तीन खंडांच्या वस्तू एका मडक्यात एकत्र आल्या.

परंतु हा इतिहास केवळ चवीचा नाही. 1497 मध्ये पोर्तुगालातील यहुद्यांना बळाने ख्रिस्ती करण्यात आले. 1536 मध्ये तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले. बाटलेला यहुदी मनाने खरोखर ख्रिस्ती झाला आहे की नाही, हे त्याच्या ताटावरून पारखले जाऊ लागले. डुकराचे मांस टाळणे ही संशयाची खूण ठरली. ज्या आलेंतेजूत सारापातेल शिजते, त्याच प्रांतातील कास्तेलो दे व्हीद या गावी अशाच एका कुटुंबात गार्सिया द ओर्ता जन्मला. हा वैद्य 1534 मध्ये गोव्यास आला, आणि हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. गोव्यात धर्मन्यायालय 1560 मध्ये सुरू झाले होते. ओर्ता 1568 मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आले, आणि 1580 मध्ये खुद्द त्याच्या अस्थी उकरून काढून अग्नीत टाकण्यात आल्या.

इकडे हिंदू समाजातही ताटावरून माणसाची पारख होत होतीच. रानडुकराची शिकार आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली. वराहमांसाचे गुण प्राचीन वैद्यकग्रंथांत नोंदलेले आहेत. निषिद्ध होता तो गावात फिरणारा डुक्कर. मनुस्मृतीने द्विजाला पतित करणाऱ्या पदार्थांत गावडुकराबरोबर लसूण आणि कांदाही गणला आहे. सोरपोतेलाच्या मडक्यात यांतले काय नसते? नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाने हा घास घेतला की मागे परतण्याची वाट त्याच्या जातभाईंच्या दृष्टीने जवळजवळ बंद होई. एक सत्ता त्याच्या ताटाकडे संशयाने पाही, तर दुसरीकडे त्याचेच आप्त त्या ताटाकडे पाठ फिरवीत. दोहोंच्या मध्ये तो उभा होता. आणि गंमत अशी की इतके होऊनही जात सुटली नाही. बामण, चाड्डो, शुद्र हे भेद गोव्याच्या ख्रिस्ती समाजातही टिकून राहिले.

गोव्याचे धर्मन्यायालय 1774 मध्ये बंद झाले, 1778 मध्ये पुन्हा उघडले आणि 1812 मध्ये कायमचे मिटले. मडके मात्र चुलीवरच राहिले. वसईत तर हे अधिक स्पष्ट दिसते. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि तेथील पोर्तुगीज सत्ता गेली. पण मराठी बोलणारे तेथील ख्रिस्ती आपल्या धर्मासह आणि आपल्या रांधपासह तेथेच राहिले. त्यांच्या घरी सोरपोतेल होतेच. गोव्यात त्याबरोबर सान्ना वाढतात, तर वसईकडे फुगे. ज्यांच्या राज्यात हा पदार्थ आला त्यांचे राज्य नाहीसे झाल्यावरही तो शिजत राहिला, याचा अर्थ तो आता कोणाच्या सक्तीचा उरला नव्हता. कोणी पाहावे म्हणून नव्हे, तर आजीच्या हातची चव म्हणून तो रांधला जात होता.

आज नाताळात, लग्नात किंवा गावच्या फेस्तात सोरपोतेल वाढले जाते, तेव्हा खाणाऱ्याच्या मनात ना मनुस्मृती असते ना धर्मन्यायालय. तसे असणे हेच योग्य. तथापि एकेकाळी याच घासावरून माणसाच्या अंतःकरणाचा निवाडा होत असे, हेही विसरता कामा नये. शेजाऱ्याच्या ताटात काय आहे यावरून त्याचे मन ओळखू पाहणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना दुःखच निर्माण केले. चिवट मांस मऊ करावयाचे तर आच मंद ठेवावी लागते आणि वाट पाहावी लागते. माणसामाणसांतल्या दुराव्यालाही याहून वेगळा उपाय नाही.